सेतुमामांचा हुंकार

चेन्नईत मे महिन्याच्या भर दुपारी आपल्या हातानं पंखा बंद करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सेतुमामा. बाहेर कावळेसुद्धा ओरडायचे थांबलेले असतात, बोळातला इस्त्रीवाला गाड्याखाली आडवा झालेला असतो, आणि हे गृहस्थ झोपाळ्यावरून सावकाश उठतात, पंख्याचं बटण बंद करतात, पाती पुरती थांबेपर्यंत वर बघत उभे राहतात आणि मग मला म्हणतात, "हं. आता वाच."

"मामा, उकडतंय हो."

"उकडू दे की, मा. पंखा शब्द खातो."

हे 'मा' म्हणजे तमिळमधलं लाडाचं संबोधन. भाजीवाली, रिक्षावाला, बँकेतला शिपाई, सगळे मला 'मा'च म्हणतात. पण ते मराठी वाक्याच्या शेपटाला लावून म्हणणारे फक्त सेतुमामा. पंखा शब्द खातो यावर त्यांचा ठाम विश्वास होता. मिक्सर शब्द खात नाही, शेजारचा टीव्ही खात नाही, रस्त्यावरचे हॉर्न खात नाहीत, फक्त पंखा खातो. मी इंजिनीअर आहे. मी त्यांना आवाजाचं शास्त्र समजावून सांगायचा प्रयत्न केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि "सरी" म्हणाले. 'सरी' म्हणजे बरं. सेतुमामा 'सरी' म्हणाले की समजावं, आपलं बोलणं कचऱ्याच्या टोपलीत गेलं.

मी मूळची सांगलीची. श्रीपेरुंबुदूरला एका मोटारींच्या कारखान्यात दारं तपासते. दार लावल्यावर कसा आवाज येतो, कुठं फट राहते, कुठं घासतं, हे दिवसभर बघायचं. पहाटे कंपनीची बस पकडायची आणि संध्याकाळी डोक्यात धडाधड दारं आपटत परत यायचं. घर शोधत होते तेव्हा दलालानं मला तिरुवल्लिकेणीच्या एका बोळात आणून उभं केलं. सगळीकडे एकट्या पुरुषांनी भरलेली लॉजं, दोऱ्यांवर वाळत टाकलेल्या लुंग्या. मी परत फिरणार तेवढ्यात तो घाईनं म्हणाला, "मॅडम, अवंगळुम मराठी!" तेही मराठीच आहेत म्हणे. मग ओसरीवरच्या झोपाळ्यावरून एक पांढरी वेष्टी, म्हणजे तमिळ धोतर, नेसलेले, कपाळाला गंध लावलेले गृहस्थ उठले आणि म्हणाले, "ये मा. जेवण जालं का?"

'झालं' नव्हे, 'जालं'. मला वाटलं, जुन्या दप्तरातला एखादा कागदच बोलायला लागला. त्यांचे पूर्वज कधीकाळी तंजावरला गेले आणि तिथलेच झाले. मराठी घरात राहिली, पण तमिळच्या चालीवर डुलत. रविवारला ते आदित्यवार म्हणत आणि विचारायचं नसे, 'पुसायचं' असे. जेवण जालं नव्हतं. त्यांनी मला ताक-भात वाढला आणि वरच्या मजल्यावरची खोली माझी झाली. घरात आणखी एक माणूस होतं. ओसरीलगतच्या खोलीत सेतुमामांच्या पत्नी, अंबक्का, पडून असत. मी यायच्या आधीच त्यांना झटका आला होता. उजवी बाजू लुळी पडली होती आणि बोलणं गेलं होतं. सकाळी एक बाई येऊन त्यांचं सगळं करून जायची, एरवी सेतुमामा करत. मी दारातून हात जोडायची आणि पुढं जायची. आजारी माणसाच्या खोलीत काय बोलायचं हे मला कधीच सुचत नाही.

सेतुमामांचा सगळा जन्म एग्मोर स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीत गेला. "लोक मज एकच पुसत," ते म्हणायचे, "गाडी कधी येणार? सारा जन्म. आता निवृत्त जालों, आता मी पुसतों." आणि खरोखर, माणूस सतत पुसत असे. नारळवाल्याला बहिणीच्या लग्नाचं, टपालवाल्याला गुडघ्याचं, मला कारखान्यातल्या दारांचं. समोरचा सांगायला लागला की हे डोळे मिटत, झोपाळ्याला पायानं हलका झोका देत आणि म्हणत, "उं... अप्पुरम?"

अप्पुरम म्हणजे 'पुढं?' हा त्यांचा मंत्र.

त्यांच्या घरात एक रीत होती. हुंकार देणारा असल्याशिवाय गोष्ट सांगायची नाही. सांगणारा सांगतो, ऐकणाऱ्यानं मध्ये मध्ये 'उं' म्हणायचं. हुंकार नसेल तर गोष्ट रुसते, उठून दुसऱ्याच्या घरी जाते, मग ती पुन्हा आठवत नाही. तसं आमच्या सांगलीतही आजी लोक हुंकार मागायच्या, पण तिथं तो पोरं झोपली का हे बघण्यापुरता. इथं प्रकरण गंभीर होतं.

त्याच सुमारास मी एक कादंबरी लिहून हात पोळून घेतले होते. मृणाल नावाची मुलगी, तिची मोठी बहीण भांडून घर सोडून गेलेली, मृणाल तिला शोधत समुद्राकाठच्या एका परक्या शहरात येते, अशी ती गोष्ट. पुण्याच्या एका प्रकाशकांकडे पाठवली. त्यांनी फोन केला. गोड बोलले. "भाषा छान आहे तुमची. पण तिसऱ्या प्रकरणानंतर वाचक थांबत नाही हो. आमच्याकडे तिघांनी वाचायला घेतली, तिघांनीही मिटून ठेवली. दिवाळीआधी दुरुस्त करून दिलीत तर पुन्हा बघू. नाहीतर मग राहू द्या." दारात कुठं फट आहे ते मला हाताच्या बोटांना कळतं. माझ्याच कादंबरीत कुठं फट आहे ते मात्र दिसेना. आणि ही एक संधी गेली तर मी पुन्हा काही लिहीन असं मला वाटत नव्हतं.

सेतुमामांना मी रडवेल्या सुरात हे सांगितलं. ते खूश झाले. "वाचून दाखव की. अम्हां देवनागरी धावत येत नाही. तमिळ येतं, इंग्रजी येतं. मराठी कानानं येतं. आदित्यवारी दुपारी ये."

असा आमचा वर्ग सुरू झाला. दुपारचं जेवण, मग कॉफी, मग पंखा बंद. माझी खुर्ची कुठं ठेवायची तेसुद्धा ते ठरवत. आतल्या खोलीची खिडकी ओसरीवर उघडते, तिला पाठ करून मी बसायचं आणि ते समोर झोपाळ्यावर. "अंबक्का झोपल्या असतील, हळू वाचू का?" मी पहिल्याच दिवशी विचारलं. ते घाईघाईनं म्हणाले, "नको नको, मोठ्यानं वाच. मज कमी ऐकू येतं." पलीकडच्या गल्लीत फुलवाली आली तर त्यांना ऐकू येत असे. पण म्हाताऱ्या माणसाशी वाद कशाला, म्हणून मी मोठ्यानं वाचू लागले.

त्या दुपारी आठवल्या की आजही मला जरा गुंगी येते. सुरुवातीला नुसती वाफ. कपाळावरून घाम कागदावर टपकायचा. मग केव्हातरी समुद्रावरून वारा सुटायचा, आधी बोळाच्या टोकाची बदामाची पानं हलायची, मग दोऱ्यांवरच्या लुंग्या, मग खिडकीचा पातळ पडदा माझ्या मानेला लागायचा. झोपाळ्याच्या कड्या हळूहळू कुरकुरत. मोगऱ्याचा वास, कॉफीचा वास, देवळातली एखादी चुकार घंटा. मृणाल परक्या शहरातून चालत असे आणि कधी कधी मला वाटायचं, मी वाचतेय की स्वप्नात कुणी मला वाचून दाखवतंय. आणि या सगळ्यात समोरून तो हुंकार. "उं." जरा वेळानं पुन्हा "उं."

आणि मग तो थांबायचा.

पहिल्यांदा थांबला तेव्हा मी मृणालला समुद्राकडे बघत बसवलं होतं. ते माझं आवडतं प्रकरण. लाटांचे रंग, फेस, क्षितिज, एकटेपण. पान उलटलं, हुंकार नाही. आणखी एक पान, नाही. मी वर बघितलं. सेतुमामांचे डोळे टक्क उघडे.

"का हो मामा?"

"गाडी आउटरला उभी आहे," ते म्हणाले. स्टेशन समोर दिसतं, सिग्नल मिळत नाही, उतारू डब्यात घामाघूम.

"अहो, तिचं एकटेपण दाखवलंय तिथं."

"समुद्र अम्ही रोज पाहतों, मा. तो कुठं जात नाही. पोरगी बहिणीस शोधायला आली, ते विसरून बैसली की. आणखी एक पुसू?"

"पुसा."

"ती जेवली कधी?"

खरंच, मृणालनं स्टेशनवर उतरल्यापासून काही खाल्लं नव्हतं. माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

"सकाळपासून उपाशी पोरगी," सेतुमामा दुखावल्या सुरात म्हणाले, "अन् तू तीस क्षितिज दाखवतीस?"

मी चिडले. वर जाऊन पाय आपटले. कादंबरी लिहायची की इडल्या वाढत बसायचं, असं काहीतरी स्वतःशी बडबडले. मग रात्री जेवल्यावर बसून समुद्र अर्ध्यावर आणला आणि मृणालला एका मेसमध्ये पाठवलं. तिथं वाढणारी बाई तिच्याकडे बघून म्हणते, तुझ्यासारखीच एक मुलगी इथं यायची. हे वाक्य मला आधी सुचलंच नव्हतं. ते जेवायला बसल्यावर सुचलं. पुढच्या रविवारी मी ते वाचलं आणि सेतुमामा झोपाळा थांबवून पुढं वाकले. "अप्पुरम? अप्पुरम?"

मग असं होऊ लागलं की मी कारखान्यात दारं लावून बघताना मनात हुंकार मोजू लागले. जिथं हुंकार थांबे, तिथं खूण करायची आणि वर जाऊन ते पान पुन्हा लिहायचं. सेतुमामांच्या तक्रारी मात्र विचित्र असत. शेजारीण आली तर तिला पाणी का दिलं नाही? पावसात भिजलेल्या माणसाचे केस कुणी पुसले? घरमालक इतका वाईट, त्याची आई आहे का? "आई असली तर ती त्यास काहीतरी बोलेल की नाही?" मी म्हणायची, मामा, ही साहित्यकृती आहे. ते म्हणायचे, "सरी." आणि मला माहीत होतं 'सरी'चा अर्थ. मी घरमालकाला आई दिली. ती म्हातारी इतकी जमून आली की तिनं पुढचं सगळं प्रकरण खाऊन टाकलं.

एका रविवारी वाचता वाचता मला ठसका लागला. पाण्याचा तांब्या झोपाळ्याजवळ होता. मी उठून तिकडे गेले, पाणी प्यायले आणि सहज, सेतुमामा बघत होते तिकडे बघितलं. आजवर मला वाटायचं ते माझ्याकडे बघतात. ते माझ्या खांद्यावरून बघत होते. खिडकीचा पडदा वाऱ्यानं बाजूला झाला होता आणि आत अंबक्कांचा पलंग सरळ समोर दिसत होता. त्या जाग्या होत्या. डोळे उघडे, मान खिडकीकडे. डावा हात चादरीवर होता आणि त्याचं एक बोट थोडं उचललेलं, कुणाला तरी 'हं' म्हणावं तसं. ते बोट खाली आलं. मग त्यांनी बोट पुन्हा उचललं, जणू मला विचारावं, काय झालं, थांबलीस का.

"उं," सेतुमामा म्हणाले. आपोआप. मी तर वाचतही नव्हते.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि चोरी पकडल्यासारखे हसले.

"तुज काय वाटलं, माझा हुंकार?" ते हळू आवाजात म्हणाले. "मज गोष्टीतलं काय कळतं, मा. मी एग्मोरचा माणूस. आतून जे येई, ते खिडकीतून सांगायचं. इतकंच येतं मज."

गोष्टी सांगायच्या त्या अंबक्का. संध्याकाळी बोळातली पोरं या ओसरीवर जमायची आणि सेतुमामा ड्युटीवरून आले की कपडे न बदलता पायरीवर बसून हुंकार द्यायचे. राजा असो की राक्षस, अंबक्का आधी त्याला जेवायला बसवायची, मग युद्धाला पाठवायची. झटका आल्यापासून घरात गोष्टच नव्हती. डॉक्टर म्हणाले होते, ऐकू येतं, समजतं, बोलणं येईल की नाही सांगता येत नाही, कानावर काही पडत राहू दे. सेतुमामांनी रेडिओ लावून बघितला, भजनं लावून बघितली. ती भिंतीकडे तोंड करायची. "तू पहिलं प्रकरण वाचलंस," ते म्हणाले, "तवां ती इकडे वळली. समुद्र आला, पुन्हा भिंतीकडे गेली. मग मी काय करूं? पुसलं तुज."

पाणी, केस, घरमालकाची आई, सगळं त्यांनी तिच्या वतीनं विचारलं होतं. इतक्या वर्षांच्या संसारात ती कुठं काय विचारील हे त्यांना पाठ होतं. आणि पंखा का बंद करायचा हेही मला तेव्हा कळलं. तो आत आवाज जाऊ देत नसे. मला फार लाज वाटली आणि त्याहून जास्त, काय सांगू, भरून आलं. दारातून हात जोडून पुढं जायचे मी, आणि माझी पहिली खरी वाचक त्या दाराच्या आतच होती.

त्या दिवसापासून मी खुर्ची फिरवून बसायला तयार होते, पण सेतुमामा नको म्हणाले. "तिजकडे पाहून वाचू नको. लाजते ती. असंच असू दे."

दिवाळी जवळ आली. प्रकाशकांचा फोन आला, पुढच्या आठवड्यात पाठवा म्हणाले. एक शेवटचं प्रकरण वाचायचं राहिलं होतं. त्या प्रकरणाला मी हात लावला नव्हता, कारण मला त्याचा भारी अभिमान होता. मृणालला बहिणीचा पत्ता सापडतो. ती त्या घरापाशी जाते. कडी वाजवायला हात उचलते. आणि कादंबरी तिथंच संपते. पुढं काय, ते वाचकानं ठरवावं. असा शेवट करायला धाडस लागतं, असं मी स्वतःला सांगत आले होते.

त्या रविवारच्या आधी दोन दिवस अंबक्कांना ताप होता, नुकताच उतरला होता. सेतुमामा जागून जागून सुकले होते. मी म्हटलं, आज राहू दे. ते म्हणाले, "नको, गाडी स्टेशनात येऊ दे." उठून पंखा बंद केला, झोपाळ्यावर बसले. वारा लवकर सुटला होता. मी वाचायला लागले. दोन पानं हुंकार आला. मग कड्यांची कुरकुर मंदावली आणि थांबली. बघते तर सेतुमामांची मान छातीवर आणि तोंड अर्धवट उघडं. झोपले होते.

मी थांबले. हुंकार देणारा झोपला, रीतीप्रमाणे आता सांगायचं नाही. पानं आवरून हळूच उठावं असं मनात आलं.

"उं."

मला वाटलं पारवा. पडदा मानेला लागून गेला.

"उं," पुन्हा आलं. बारीक, गंजलेल्या कडीसारखं. पाठीमागून.

मी मागं बघितलं नाही. तशी मला ताकीदच होती. मी वाचत राहिले. मृणाल गल्लीत शिरली. "उं." तिनं पत्ता विचारला. "उं." दोन दारं चुकली. "उं." तिसऱ्या दाराशी आली, बाहेर तिच्या ताईच्या चपला दिसल्या, तिनं हात उचलला. मी शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद मांडीवर ठेवला.

समोर झोपाळा स्तब्ध. बोळात कुणीतरी सायकल लावली.

"अप्... अप्पु... रम?"

सेतुमामांचे डोळे उघडले. ते हलले नाहीत. खिडकीकडे बघायचं त्यांचं धाडस होईना. तसेच मान खाली घालून बसले आणि त्यांच्या हनुवटीवरून पाणी वेष्टीवर पडायला लागलं. मग ते अगदी हलक्या आवाजात मला म्हणाले, "पुसतीय ती. सांग की, मा."

माझ्याकडे पान नव्हतं. वाचकानं ठरवावं म्हणून मी सोडून दिलं होतं आणि वाचक तर मलाच विचारत होता.

"मग," मी म्हटलं, "मग मृणालनं कडी वाजवली."

"उं."

"दार उघडलं. दारात ताई उभी होती. केस पिकले होते तिचे, हाताला पीठ लागलेलं होतं. दोघी नुसत्या बघत राहिल्या. भांडण आठवलं दोघींना. कुणी आधी बोलायचं, कळेना."

"उं."

"आणि मग ताई म्हणाली," मी सेतुमामांकडे बघत म्हटलं, "ताई म्हणाली, ये मा. जेवण जालं का?"

आतून एक आवाज आला. तो हुंकार नव्हता, हसणं होतं. अर्ध्या तोंडाचं, वेडंवाकडं, पण हसणं. सेतुमामांनी दोन्ही हातांनी झोपाळ्याच्या कड्या घट्ट धरल्या.

"अप्पुरम?" आतून पुन्हा आलं, या वेळी जरा लवकर.

मी पानं खुर्चीखाली ठेवली आणि मृणालला जेवायला बसवलं. ताईनं काय काय वाढलं ते सांगायला लागले. सेतुमामांनी त्या दुपारी पुन्हा एकदाही हुंकार दिला नाही. ते नुसते ऐकत होते, खिडकीकडे कान लावून.